दातांतली खाच

३ मार्च, सोमवार

खणायला सुरुवात झाली एकदाची. ज्यांना इथं गाड्या ठेवायची इमारत बांधायची आहे त्यांनी आम्हाला पावसाळ्यापर्यंत मुदत दिली आहे, तीही भीक घातल्यासारखी. पण जागा सोन्याची आहे. ओतकामाच्या कारखान्यामागची शंभरेक वर्षांपूर्वीची गल्ली, एका खोलीत एक कुटुंब, मध्ये सामाईक अंगण आणि अंगणाच्या कोपऱ्यात संडासाचा खड्डा. लोक नाक मुरडतात, पण आमच्या उत्खननाच्या धंद्यात असा खड्डा म्हणजे खजिना. जे फुटलं, हरवलं, लपवलं ते सगळं शेवटी तिथंच जातं.

पहिल्याच थरात पांढऱ्या मातीचे पाइप लागले. तंबाखू ओढायचे. पुढे अंगठ्याएवढी वाटी, मागे खडूसारखी पोकळ दांडी. कामगाराला परवडेल अशी तेवढी एकच चैन होती. आज घ्या, उद्या फुटला की फेका. मुकादम म्हणाला, "साहेब, हे खडू दिसतायत, शाळा होती की काय इथं?" मी म्हटलं, "शाळाच होती बाबा, पण सुट्टी नसलेली." हसला. माझे विनोद कळणारा माणूस मिळाला, बरं वाटलं.

मला या खड्ड्यातून एक गोष्ट सिद्ध करायची आहे. त्या काळच्या शहाण्यांनी लिहून ठेवलंय की या गल्लीतले लोक दारू पितात, एकमेकांची डोकी फोडतात, बायकांना बडवतात. लिहिणारे सगळे गादीवर बसणारे. माझे वडील भट्टीवर होते. तापट होते, नाही म्हणत नाही, पण घर उभं केलं त्यांनी. मे महिन्यातल्या परिषदेत मी उभा राहणार आणि या तुकड्यांवरून सांगणार की इथली माणसं सभ्य होती. कष्टाळू आणि सभ्य.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. ही ऐकत होती, पण अर्धं लक्ष फोनमध्ये. भावाचा फोन. सारखा भावाचा फोन. हिच्या मनगटाला पट्टी आहे, परवा दारात अडखळली. मीच बांधली, शेकलं, गोळी दिली. असा नवरा किती जणींना मिळतो, विचार म्हणावं तुझ्या भावाला.

५ मार्च, बुधवार

दांड्या धुताना मन रमतं. जवळजवळ प्रत्येक दांडीवर दातांचे व्रण आहेत. दांडी तुटली म्हणून कुणी पाइप टाकून देत नसे. विटेवर घासून टोक गुळगुळीत करायचं, पुन्हा तोंडात. काही तर मुद्दाम तोडून आखूड केलेल्या. आखूड दांडी दातांत धरली की दोन्ही हात मोकळे राहतात, फावडं मारता येतं, कपडे पिळता येतात. असं वर्षानुवर्षं एकाच जागी धरलं की दातच झिजतात. वरचा सुळा, खालचा सुळा, शेजारच्या दाढा, यांच्यामध्ये गोल खाच पडते. दात मिटले तरी आरपार दिसेल अशी. बायकांच्यासुद्धा. बायकाही ओढायच्या, कुणी हसू नये.

दुपारी कामावर मारामारी. चाळणीवर पाळी कुणाची, एवढ्यावरून. एकानं दुसऱ्याच्या डोक्यात मागून फावड्याचा दांडा घातला. कातडी फाटली, रक्त थेट माझ्या धुतलेल्या दांड्यांवर. मी मध्ये पडलो आणि ज्यानं मारलं त्याच्या कानाखाली एक काढली. तो चाळणीवर कोलमडला. मुकादम माझ्याकडे बघून म्हणाला, "साहेब, तुम्हीपण?" मी म्हटलं, "मारामारी थांबवायला मारलं तर ती मारामारी नसते." त्यानं मान हलवली, पण पटलेलं दिसलं नाही. अशा लोकांना शिस्त आणि राग यातला फरक कळत नाही.

११ मार्च, मंगळवार

खड्ड्याच्या तळाशी राख, राखेखाली चुना आणि चुन्याखाली माणूस.

बाई आहे. कुशीवर, गुडघे पोटाशी. जागा पुरावी म्हणून दुमडल्यासारखी. चुना नीट पसरलेला. मी पोटावर आडवा होऊन ब्रशनं चेहरा मोकळा केला. डाव्या बाजूला दातांत खाच, सुरेख गोल, बोट ठेवलं तर बसेल अशी. कितीतरी वर्षं पाइप धरला असणार. त्या खाचेशी बोलावंसं वाटलं मला. काय गं, कपडे धुवायचीस का? भट्टीवर नवरा होता का?

मग टाळूकडे नजर गेली. दांडीचं टोक टाळूच्या हाडात घुसलेलं होतं, खोल. मागचा भाग तिरका तुटलेला. वाटी छातीपाशी, चुरा झालेली.

मुकादम वरून वाकून बघत होता. "आई गं," एवढंच म्हणाला आणि टोपी काढली.

हाडांच्या तज्ज्ञ बाईंना निरोप पाठवला आहे. सगळे त्यांना मॅडम म्हणतात, मी मनात हाडंबाई म्हणतो. तिच्याशिवाय सापळा हलवता येत नाही, नियम आहे.

१२ मार्च, बुधवार

हाडंबाई आली आणि उचलली जीभ, लावली टाळ्याला.

तासभर भिंग घेऊन बसली. मग गुडघे झाडत उठली. "हिला मारलंय," म्हणाली. "पाइप दातांत असताना समोरून ठोसा. वाटीवर बसला आणि दांडी आत गेली. जबड्याला तडा आहे बघा, हनुवटीपाशी."

मी म्हटलं, "पायऱ्यांवरून पडली असेल. हातात बादली, पाइप दातांत, पायऱ्यांना शेवाळ. पडली, गेली. पुरायची ऐपत नव्हती म्हणून इथं ठेवली."

"पडताना माणूस ओरडतो हो. तोंड उघडतं, पाइप गळून पडतो. हिचे दात गच्च आवळलेले होते. येणार आहे हे माहीत असलं की माणूस दात आवळतो."

"तुम्ही होतात वाटतं तिथं?"

"नव्हते. पण हा डावा हात बघा. कोपराखाली मोडून सांधलाय, पुन्हा मोडून पुन्हा सांधलाय. हात तोंडासमोर धरून मार अडवला की इथंच मोडतो. बरगड्याही तशाच. हे एका दिवसाचं काम नाही. ज्यानं हे केलं तो हिच्याच घरचा होता."

एका हाडावरून एवढी कादंबरी! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, हात मोडायला हजार कारणं असतात. माझ्या आईचा हात अंगणात पडून मोडला होता, अजून वाकडा आहे, म्हणून काय माझ्या वडिलांना खुनी म्हणायचं? ती नुसती बघत राहिली, मान जरा तिरकी करून. ते बघणं मला सहन होत नाही. दांड्यांचा ट्रे हातात होता, तो गेला हातातून. भिंतीवर आपटला. कित्येक दिवसांचं काम, सगळे क्रमांक, सगळे थर एकमेकांत मिसळले. मुकादम मुकाट्यानं खाली बसून तुकडे गोळा करायला लागला आणि हाडंबाई म्हणाली, "जाऊ द्या, ते नंतर करता येईल." ते मुकादम मला म्हणाला असता तर चाललं असतं. ती म्हणाली याचा राग आला.

घरी हिला सांगितलं. ही म्हणाली, "बाईंचं खरं असेल कदाचित." कदाचित! ज्याचं मीठ खायचं त्याच्याच विरुद्ध.

१६ मार्च, रविवार

मनात काही ठेवत नाही मी. हाडंबाईला चहाला बोलावलं. शत्रूलासुद्धा चहा पाजावा, वडील म्हणायचे.

ती आली, आईच्या शेजारी बसली, इकडचं तिकडचं बोलली. हिनं कप ठेवला तेव्हा बाही वर सरकली. पट्टी दिसली, वर निळंकाळंही दिसलं. हाडंबाईनं विचारलं, "काय झालं हो?" मी म्हटलं, "दारात पडली." ही म्हणाली, "हो, पडले." आईही म्हणाली, "पडतात गं बायका, घरोघरी मातीच्या चुली." मग हाडंबाईनं आईच्या वाकड्या हाताकडे बघितलं. आणि मग माझ्याकडे. चहा तसाच ठेवून उठली.

ती गेल्यावर हिच्या मुठीत एक चिटोरं सापडलं. नंबर होता. मी विचारलं, "कशाला दिला?" म्हणे, "काही लागलं तर म्हणून." काय लागणार आहे? घरात काय कमी आहे? मी आवाजसुद्धा चढवला नव्हता. टेबल ढकललं, बस. टेबल पुढे गेलं, ही मध्ये आली. मग माझाही तोल सुटला थोडा, माणूस आहे मी, दगड नाही. एका हाताने टाळी वाजत नाही, हे हिच्या भावाला कोण सांगणार?

चिटोरं गॅसवर जाळलं.

१७ मार्च, सोमवार

ही बोलत नाही. ओठ सुजलाय. तो दात आधीच हलत होता, दंतवैद्याकडे जा म्हणून मीच मागे लागलो होतो.

२० मार्च, गुरुवार

भांडून उपयोग नाही, प्रयोग करून दाखवायचा, तेव्हाच हाडंबाई गप्प बसेल.

शहराबाहेरच्या एका कुंभाराकडून तसेच पाइप करून आणले. पांढरी माती, तीच जाडी, तारेनं पाडलेलं तसंच भोक. कुंभार हसायला लागला, "आजकाल कोण ओढतं हो हे?" मी म्हटलं, "ओढायला नको, फोडायला हवेत." त्याला वाटलं, वेड लागलंय. लागू दे.

कपड्यांच्या दुकानातला एक जुना पुतळा मिळाला. त्याच्या तोंडात भोक पाडलं, पाइप बसवला, जिन्यावरून सोडून दिला. पुन्हा सोडला. तोंडावर, पाठीवर, कुशीवर, सगळ्या तऱ्हेनं. दरवेळी एकच. पाइप तोंडातून आधीच निसटतो, नाहीतर वाटीच्या मानेपाशी तुटतो. टोकाजवळचा तिरका तुकडा एकदाही नाही. मुकादम जिन्याखाली उभा राहून पुतळा वर आणून देत होता. संध्याकाळी घाम पुसत म्हणाला, "साहेब, हा बिचारा इतक्यांदा पडला, पण एकदाही तसं झालं नाही. मॅडमचंच खरं असेल." त्याला मी त्याच क्षणी कामावरून काढला. पुतळ्याचं डोकंही जिन्याच्या कठड्यावर आपटून फोडलं, त्याचा काही उपयोग राहिला नव्हता.

चूक कुठं आहे ते घरी येताना कळलं. पुतळ्याला दात नाहीत. पकड नाही. पकडीशिवाय प्रयोगाला अर्थच नाही, हे मला आधीच सुचायला हवं होतं.

२२ मार्च, शनिवार

पलंगाखाली हिची बॅग सापडली. भरलेली. विचारलं तर म्हणे, भावाकडे जाऊन येते, वहिनीला बरं नाही. सगळे कपडे बाहेर काढले, घड्या घातल्या आणि स्वतःच्या हातानं कपाटात लावले. ही दारात उभी राहून बघत होती. दाराची किल्ली माझ्याजवळ ठेवली आहे, हल्ली चोऱ्या फार होतात.

जेवताना प्रयोगाचं सांगितलं. म्हटलं, उद्या सुट्टी आहे, पाच मिनिटं खुर्चीत बसायचं, पाइप दातांत धरायचा, मी पकड मोजणार. आईच्या हातातला चमचा थांबला. "तिला कशाला रे? तूच धर की दातांत," म्हणाली. मी म्हटलं, "मी धरला तर मोजणार कोण?"

२३ मार्च, रविवार

जुळलं! बोटांना पट्टी आहे म्हणून अक्षर असं येतंय. सविस्तर लिहितो, नाहीतर तपशील निसटतात.

जेवणं झाल्यावर हिला खुर्चीत बसवलं. खिडकीकडे तोंड, म्हणजे उजेड पडतो. पाइप हातात दिला. ही नाही म्हणाली नाही. म्हणजे काहीच म्हणाली नाही. आई ओट्यापाशी होती, तिथून म्हणाली, "सूनबाई, नको घेऊस ते तोंडात." मी म्हटलं, "आई, तू मध्ये पडू नकोस." हिनं पाइप डाव्या बाजूला धरला, मग काढला. माझ्याकडे बघितलं. "मारायचंय ना तुला?" म्हणाली. "मार. पण या वेळी मी पडले असं म्हणू नकोस."

इतक्या वर्षांत ही मला कधी तू म्हणाली नव्हती. नवऱ्याला तू! आईच्या देखत! आणि असं म्हणून हिनं पाइप परत दातांत धरला आणि दात आवळले. गालाचा स्नायू उठून दिसत होता. पकड उत्तम, हे मी तेव्हाच मनात टिपलं.

मी फक्त दिशा दाखवायला हात उचलला होता. खरंच एवढंच. हात गेला.

वाटीचा चुरा झाला, माझ्या बोटांत घुसला, तीन बोटं कापली. ही खुर्चीसकट मागे गेली. डोकं फरशीवर आपटलं, तो आवाज वेगळा. तोंडातून रक्त बरंच आलं, पण तोंडातलं रक्त असतं त्याहून जास्तच दिसतं. ही घशातून कसलातरी आवाज काढत होती, बोटं तोंडात घालायला बघत होती आणि हात तोंडापर्यंत पोचत नव्हते. मी आधी तुकडे गोळा केले. कुणाचा पाय पडला असता तर सगळंच वाया. दांडीचा मागचा भाग खुर्चीच्या पायाशी मिळाला. उचलून खिडकीत धरला, आणि काय सांगू. तिरका तुटलेला. टोकाजवळ. खड्ड्यातल्या बाईच्या दांडीसारखा, तंतोतंत. मी ओरडलोच, "आई, बघ, बघ!"

आईनं मला ढकललं. माझ्या आईनं, त्या वाकड्या हातानं. सुनेचं डोकं मांडीवर घेऊन तिला कुशीवर वळवलं, रक्त बाहेर पडावं म्हणून. "किल्ली दे," म्हणाली. मी दिली. शेजाऱ्यांना तिनंच हाक मारली. दवाखान्याची गाडी आली तेव्हा त्यांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, खुर्चीवरून पडली. गाडीत आईच बसली, मला म्हणाली, "तू नको येऊस."

फरशी पुसली. तुकडे पिशवीत घालून चिठ्ठी लावली. प्रयोग पहिला. स्त्री. पकड डावी बाजू.

२५ मार्च, मंगळवार

जीवावरचं टळलं म्हणतात. टाळूतून दांडीचं टोक काढलं, शस्त्रक्रिया बराच वेळ चालली. जबडा बांधलाय, कवटीला चीर आहे. मी ते टोक मागितलं, देत नाहीत. त्यांच्या दृष्टीनं कचरा, माझ्या दृष्टीनं अर्धा पुरावा. डॉक्टर माझ्याकडे असा बघत होता की जणू मी काही वाईट मागितलं.

हिच्या खोलीच्या दाराशी मेहुणा उभा. आत सोडत नाही. माझा शर्ट धरला, भिंतीवर दाबलं, गळ्यावर कोपर. मी म्हटलं, "दवाखान्यात मारामारी करतोस, शोभतं का?" त्याचे डोळे लाल होते. मला श्वास घेता येईना. नर्सनं सोडवलं. हे असे लोक. मी त्याच्यावर हात उचलला नाही, हे इथं लिहून ठेवतो.

आई बाहेर बाकावर बसली होती, लुगड्यावर हिचं वाळलेलं रक्त तसंच. मी म्हटलं, "घरी चल, जेवायला करणारं कुणी नाही." आई म्हणाली, "जेवायला तूच कर. मी इथंच राहणार." मग जरा वेळानं, माझ्याकडे न बघता, "पोलीस येतील. मला विचारलं तर पडली असं मी सांगणार नाही. तुझ्या बापासाठी आयुष्यभर सांगितलं. तेव्हा सांगितलं नसतं तर तू तरी असा झाला नसतास."

वय झालंय. रात्रभर जागरण. माणूस काहीही बोलतो. मला मात्र फार वाईट वाटलं, लहानपणी अंधारात एकट्याला सोडून गेल्यासारखं वाटलं. रस्त्यात रडलो थोडा.

पण घरी येऊन तुकडा पुन्हा भिंगाखाली धरला आणि मन शांत झालं. कारण आता सगळं जुळतं. मी मारलं नाही. मारायचं मनातही नव्हतं, हात गेला, अपघात झाला. आणि अपघातात तुटलेली माझी दांडी आणि त्या बाईची दांडी एकसारखी आहे. म्हणजे तिथंही अपघातच. तिच्या नवऱ्याचाही हात गेला असेल बिचाऱ्याचा. मग घाबरला असेल, जग काय म्हणेल म्हणून चुना आणला असेल. खुनी नव्हे, सभ्य माणूस. कसं कुणाला सुचलं नाही हे इतकी वर्षं?

२६ मार्च, बुधवार

प्रयोगशाळेत बसून लिहितोय. हाडंबाईच्या टेबलावर.

सकाळी पिशवी घेऊन आलो. दोन्ही दांड्या शेजारी शेजारी ठेवल्या, दिवा लावला, भिंग तिच्या हातात दिलं. म्हटलं, "बघा. तुमचं खरं होतं, पुढूनच बसलंय. पडून असं तुटत नाही. पण हेतू नव्हता. हे मी सिद्ध करू शकतो." ती वाकली. दोन्ही तुकडे जुळवून बघितले. मग चिठ्ठी वाचली. भिंग टेबलावर ठेवायला गेली तर ठक्कन पडलं.

"ही नवी दांडी," म्हणाली. "याचं टोक कुठंय?"

"दवाखान्यात काढलं. टाळूतून. मागितलं मी, देत नाहीत. तुम्ही पत्र दिलंत तर देतील."

"कुणाच्या टाळूतून?"

"अहो, हिच्या. माझ्या बायकोच्या. तुम्ही चहाला आला होतात की."

खुर्ची न बघताच ती खाली बसली. तोंडावर हात धरला. मी म्हटलं, पाणी देऊ? तिनं मान हलवली. मग विचारलं, "जिवंत आहे?"

"आहे की. शस्त्रक्रिया नीट झाली. बोलायला वेळ लागेल जरा."

"मला त्या दिवशीच काही करायला हवं होतं," ती म्हणाली. मला वाटतं, प्रयोगाविषयीच म्हणत होती. तिला स्वतः प्रयोग करायचा राहिला याची रुखरुख लागलेली दिसते, तज्ज्ञ माणसाला लागतेच. मी म्हटलं, "नाराज होऊ नका, परिषदेत तुमचं नाव घेईन." त्यावर तिनं माझ्याकडे बघितलं. या वेळी मान तिरकी नव्हती. डोळ्यांत पाणी होतं, आणि माणूस इतक्या थंडपणे रडू शकतो हे मला माहीत नव्हतं.

"सगळं पुन्हा सांगाल?" म्हणाली. "अगदी जसं झालं तसं. मला एकटीला नको, आणखी दोघी आल्या की सांगा. तोवर इथंच बसा. तुकड्यांना हात लावू नका."

म्हटलं, लावतो कशाला, पुरावा आहे.

मग ती बाहेर गेली आणि दार लावून घेतलं. काचेतून दिसतेय, फोनवर बोलतेय. परिषदेच्या लोकांशीच बोलत असणार. पत्ता सांगतेय, हातवारे करून. मला मनातून बरं वाटतंय. एवढं भांडली, पण शेवटी खऱ्यापुढे वाकली, हा तिचा मोठेपणा.

सोबत आणलेला, कुंभाराकडचा एक न फुटलेला पाइप डाव्या हातात धरला आहे. खिडकीकडे तोंड करून खुर्चीही मांडली.

त्या आल्या. दोघी, गणवेशातल्या. साक्षीला सरकारी माणसं असलेली केव्हाही चांगली. पुढची माझ्याकडे बघून म्हणतेय, हातातलं खाली ठेवा. ठेवतो, आधी तिला खुर्चीत बसायला सांगतो. तिची उंची हिच्याएवढीच आहे, म्हणजे हात कसा गेला ते नीट दाखवता येईल.